घर भाड्याचं, ऊब हक्काची

न्यूयॉर्कच्या भाडेकरूंच्या कॅलेंडरात एक जादा ऋतू असतो. त्याचं नाव 'हीट सीझन'. तो 1 ऑक्टोबरला सुरू होतो, 31 मेला संपतो आणि शहराच्या कायद्यातच लिहिलेला आहे. या आठ महिन्यांत सकाळी 6 ते रात्री 10 या वेळात बाहेरचा पारा 55 अंश फॅरनहाइटच्या (साधारण 13 सेल्सिअस) खाली गेला, की घरात किमान 68 अंश, म्हणजे 20 सेल्सिअस राखायची जबाबदारी घरमालकाची. रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर काहीही असो, आत 62 अंश, म्हणजे जवळपास 17 सेल्सिअस हवेतच. गरम पाण्याला तर ऋतूही नाही आणि वेळही नाही. ते वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास आलं पाहिजे आणि नळाला किमान 120 अंश फॅरनहाइट, म्हणजे 49 सेल्सिअस असलं पाहिजे.

हा आकडा काही सहज ठरलेला नाही. पाणी 60 सेल्सिअसचं असेल तर कातडी भाजायला पाचेक सेकंद पुरतात. 49 ला त्यासाठी काही मिनिटं लागतात, तोवर माणूस हात मागे घेतो. उलट टाकीत पाणी फार कोमट ठेवलं तर लीजनेला नावाचे जंतू त्यात वाढतात आणि त्यांच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. भाजू नये इतकं गार आणि जंतू वाढू नयेत इतकं गरम, अशी ही मधली वाट आहे. कायद्यातला एक आकडा आंघोळीच्या बादलीपर्यंत येतो तो असा.

उघड्या खिडक्यांसाठी बांधलेले रेडिएटर

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारा. जानेवारीत बाहेर बर्फ आणि घरात इतका उकाडा, की खिडकी उघडून बसावं लागतं, हा अनुभव तो सांगेलच. हीटिंगचे जाणकार डॅन होलोहन यांनी याचं कारण मांडलं आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह वाढला. ऐन थंडीतही खिडक्या उघड्या ठेवा, असं आरोग्य खातं सांगू लागलं. मग इंजिनिअरांनी बॉयलर आणि रेडिएटर असे मोठे केले, की वर्षातल्या सर्वांत थंड दिवशी खिडक्या सताड उघड्या असतानाही खोली उबदार राहावी. साथ गेली, रेडिएटर राहिले.

त्यांचा आवाजही ओळखून ठेवण्यासारखा आहे. बारीक 'स्स्स' येत असेल तर चिंता नाही. वाफ आत येते तेव्हा आधीची हवा झडपेतून बाहेर पडते, तिचा तो आवाज. पण कुणी हातोडा मारल्यासारखे 'ठण् ठण्' दणके बसत असतील, तर पाइपचा उतार बिघडलाय आणि थंड होऊन पाणी झालेली वाफ मध्येच साचली आहे. मागून येणारी वाफ त्या पाण्याला ढकलून पाइपवर आदळते. हा दोष दुरुस्त करता येतो, म्हणून 'जुनी इमारत आहे, असंच चालायचं' हे उत्तर मान्य करू नका.

पूर्वी हीटिंग बंद पडलं, की भाडेकरूच पाइपवर ठोके द्यायचे. एकाने सुरुवात केली, की वरखालच्या मजल्यांवरून साथ मिळायची आणि तळघरातल्या माणसाला समजायचं, की बॉयलरकडे बघायला हवं. आता त्या ठोक्यांची जागा शहराच्या 311 या तक्रारीच्या फोन नंबरने घेतली आहे.

कोळसा संपला आणि नियम आला

68 अंशांच्या नियमामागे महायुद्ध आहे. 1917-18 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कोळशाची भयंकर टंचाई झाली. जानेवारी 1918 मध्ये देशाचे इंधन प्रशासक हॅरी गारफील्ड यांनी कारखाने आणि कचेऱ्यांसाठी 'बिनहीटिंगचे सोमवार' जाहीर केले. भाड्याच्या चाळवजा इमारतींत तर आठवड्याचे सगळेच दिवस तसे होते. भाड्यात हीटिंग धरलेलं, मालक भाडं पुरतं घेणार, पण कोळसा मिळत नाही म्हणून हात वर करणार. लोक चिडले, भाडं द्यायला नकार देऊ लागले. त्याच सुमारास शहराच्या आरोग्य खात्याने घरात किती ऊब हवी, याचा आकडा नियमात घातला. हीटिंग हा आरोग्याचा विषय ठरला तो तेव्हा, आणि माझ्या मते हीच या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी उडी. त्याआधी ती मालक आणि भाडेकरू यांच्यातली खाजगी कुरबुर होती.

पुढची मोठी लढाई हार्लेममध्ये झाली. 1963-64 च्या हिवाळ्यात जेसी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली शेकडो इमारतींतल्या भाडेकरूंनी भाडं थांबवलं. हीटिंग नाही, गरम पाणी नाही आणि घरात उंदीर. डिसेंबर 1963 मध्ये ते भाडेकरू पुरावा म्हणून उंदीरच घेऊन कोर्टात हजर झाले! भाडं मालकाला न देता कोर्टात भरा, असा आदेश त्यांनी मिळवला.

भाडं कशाचं देतो आपण?

जुना इंग्रजी कायदा जमिनीभोवती रचलेला होता. शेतकरी जमीन भाड्याने घेई, तिच्यावरची झोपडी गळत असेल तर ती तोच शाकारे, आणि भाडं मात्र द्यावंच लागे. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हा नियम लावणं अन्यायाचं आहे, हे 1970 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 'जॅविन्स' खटल्यात स्पष्ट सांगितलं. न्यायाधीश जे. स्केली राइट यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरातला भाडेकरू जमीन घेत नाही. तो भिंती, छप्पर, ऊब, उजेड, पाणी, बंद होणारी दारं असा सगळा संच घेतो. त्यातलं काही मिळालं नाही तर पूर्ण भाडं मागता येणार नाही.

त्याच वर्षी शेजारच्या न्यू जर्सीत एक छोटासा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'मारिनी विरुद्ध आयर्लंड' हे त्याचं नाव. भाडेकरू बाईंच्या घरातलं शौचकूप तडकून गळत होतं आणि मालकाचा पत्ता लागेना. बाईंनी स्वतः प्लंबर बोलावला, 85 डॉलर 72 सेंटांचं बिल भरलं आणि तेवढी रक्कम 95 डॉलरच्या भाड्यातून वजा केली. मालकाने घर खाली करायचा दावा लावला. न्यायालयाने बाईंची बाजू उचलून धरली. आज एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांना याच निकालाचं छत्र आहे. रीतसर कळवूनही मालकाने अत्यावश्यक दुरुस्ती केली नाही, तर ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. तिथल्या थंडीचा नियमही लक्षात ठेवा. 1 ऑक्टोबर ते 1 मे, सकाळी 6 ते रात्री 11 घरात 68 अंश फॅरनहाइट, उरलेल्या वेळात 65.

न्यूयॉर्क राज्याने 1975 मध्ये राहण्यायोग्य घराचा हा हक्क कायद्यात लिहून टाकला. त्याची कसोटी लवकरच लागली. 1976 मध्ये मॅनहॅटनच्या 'पार्क वेस्ट व्हिलेज' संकुलातले झाडू-सफाई कामगार 17 दिवस संपावर गेले आणि कचऱ्याचे ढीग लागले. संप कामगारांचा, त्यात मालकाचा काय दोष, असा युक्तिवाद झाला. तो टिकला नाही. दोष कुणाचाही असो, सेवा मिळाली नाही हे खरं, म्हणून भाडेकरूंना त्या काळाच्या भाड्यात 10 टक्के सूट मिळाली. 'पार्ट मिळत नाहीये', 'माणूस गावाला गेलाय' या सबबींवर यापेक्षा नेमकं उत्तर मला ठाऊक नाही.

इन्स्पेक्टर थर्मामीटर घेऊन येतो

311 वर तक्रार गेली, की शहराचं गृहनिर्माण खातं आधी मालकाला कळवतं. दुरुस्ती झाली नाही तर इन्स्पेक्टर येतो आणि स्वतः तापमान मोजतो. ऊब किंवा गरम पाणी नसणं हा 'क' वर्गातला, म्हणजे तातडीच्या धोक्याचा दोष मानला जातो आणि दंड दिवसागणिक चढतो. मालक तरीही ढिम्म राहिला तर शहर आपली माणसं पाठवून बॉयलर दुरुस्त करून घेतं आणि बिल मालकाच्या माथी मारतं. ते थकलं तर त्या मालमत्तेवर बोजा चढतो.

अडचण पुराव्याची असते. इन्स्पेक्टर दुपारी येतो तेव्हा घर ठीकठाक, आणि पहाटे चारला दात वाजत असतात. यावर 'हीट सीक' नावाच्या न्यूयॉर्कच्या ना-नफा संस्थेने छोटे सेन्सर तयार केले. ते दर तासाला घरातलं तापमान नोंदवतात आणि बाहेरच्या तापमानाशी ताडून बघतात. 2020 मध्ये शहराने कायदाच केला, की हीटिंगच्या तक्रारींत अव्वल असलेल्या 50 इमारती निवडायच्या आणि तिथे असे सेन्सर मालकाने बसवायचे.

ऊब मिळत नसेल तर माणूस स्वेटरवर स्वेटर चढवतो आणि मग एक सुटा हीटर विकत आणतो. इथे मात्र जपायला हवं. 9 जानेवारी 2022 रोजी ब्रॉन्क्समधल्या 'ट्विन पार्क्स' इमारतीत एका बिघडलेल्या सुट्या हीटरमुळे आग लागली. आपोआप बंद व्हायला हवीत ती दारं बंद झाली नाहीत, धूर जिन्यातून वर चढला आणि 17 माणसं गेली. त्यांत 8 मुलं होती. टाळलेली दुरुस्ती अशी दुसऱ्याच वाटेने जीवावर येते, म्हणूनच हा विषय सुखसोयींच्या यादीत ढकलता येत नाही.

जर्मनीत भाडं आपोआप घटतं

जर्मनीच्या नागरी संहितेचं कलम 536 वाचून आपल्याकडचा भाडेकरू थक्क होईल. घरात गंभीर दोष निर्माण झाला, की भाडं त्या क्षणापासून कायद्यानेच कमी होतं. अर्ज नको, मालकाची परवानगी नको. दोष मालकाला ताबडतोब कळवणं मात्र आवश्यक. किती कमी, हे न्यायालयांच्या जुन्या निकालांवरून ठरतं आणि त्या निकालांचे तक्ते भाडेकरू संघटना हाताशी ठेवतात. ऐन हिवाळ्यात हीटिंग पूर्ण बंद असेल तर न्यायालयांनी 100 टक्के कपातही मान्य केली आहे. अर्थात अंदाजाने जास्त कापलं तर थकबाकीदार ठरायचा धोका आहे. म्हणून तिथले जाणकार सांगतात, भाडं 'हक्क राखून' भरा आणि मग परत मागा.

2022 च्या उन्हाळ्यात रशियन गॅस आटू लागला तेव्हा याच देशात वेगळंच घडलं. सॅक्सनीतल्या डिपोल्डिसवाल्ड गावच्या एका गृहनिर्माण सहकारी संस्थेने गरम पाणी ठरावीक तासांपुरतंच सोडायला सुरुवात केली. देशभर गदारोळ झाला आणि हे कराराविरुद्ध आहे, असं भाडेकरू संघटनांनी ठणकावून सांगितलं. पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत सोलरचं पाणी 'सहा ते आठ' या वेळेत मिळणं ज्यांना नेहमीचं आहे, त्यांना या गदारोळाचं नवल वाटेल. पण फरक सरळ आहे. चोवीस तासांच्या गरम पाण्याचे पैसे तिथे भाड्यासोबत घेतलेले होते.

आणखी थोडी चक्कर

फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. 1 फेब्रुवारी 1954 रोजी आबे पिएर या धर्मगुरूंनी थंडीने मरणाऱ्या बेघरांसाठी रेडिओवरून हाक दिली, देश हलला, आणि 1956 मध्ये ही हिवाळी तहकुबी कायद्यात आली. रशियात दर उन्हाळ्यात पाइपांच्या देखभालीसाठी गरम पाणी काही दिवस बंद ठेवतात. मुदत कमाल 14 दिवस, आणि लोक तेवढे दिवस मित्रांकडे आंघोळीला जातात. शिकागोत दिवसा 68 आणि रात्री 66 अंश फॅरनहाइट. चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला सरकारी हीटिंग, दक्षिणेला नाही. बीजिंगमध्ये ते 15 नोव्हेंबर ते 15 मार्च चालतं.

लंडन, लीड्स, लेस्टर: शिकायला जाणाऱ्यांसाठी

आपली मुलं हल्ली ब्रिटनमध्ये शिकायला मोठ्या संख्येने जातात आणि पहिल्या थंडीतच बॉयलरशी गाठ पडते. इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्याचं कलम 11 सांगतं, की सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात खोल्या गरम करणारी आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं मालकाचं काम. 'दुरुस्ती भाडेकरू करेल' असं करारात लिहून घेतलं तरी हे कलम सुटत नाही.

या कायद्यात एक फट मात्र होती. 1985 मध्ये 'क्विक विरुद्ध टॅफ-इली' खटल्यात धातूच्या चौकटींच्या खिडक्यांमुळे घर इतकं ओलं झालं होतं, की कपडे, बिछाने कुजले. न्यायालय म्हणालं, खिडकी मोडलेली नाही, मग दुरुस्ती कशाची? माणूस आजारी पडेल असं घर, पण मोडलेलं काहीच नाही! ही फट बुजायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. खासदार कॅरेन बक यांनी चिकाटीने पुढे नेलेला 2018 चा कायदा 20 मार्च 2019 पासून इंग्लंडमध्ये लागू झाला आणि घर राहण्यायोग्यच असलं पाहिजे, हा भाडेकरूचा हक्क झाला.

जर्मनीचं बघून इंग्लंडात भाडं थांबवू नका. थकबाकीवरून घर जाऊ शकतं. आधी लेखी कळवा, मग पालिकेकडे जा. 'शेल्टर' आणि 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या संस्था फुकट सल्ला देतात.

आणि तक्रारीआधी दोन गोष्टी तपासा. बॉयलरवरच्या प्रेशरच्या काट्याने, यंत्र थंड असताना, 1 ते 1.5 बार दाखवायला हवं. तो खाली असेल तर पाणी भरून घ्यायची सोय बॉयलरलाच असते. ती कशी वापरायची हे घरात शिरतानाच मालकाकडून शिकून घ्या. दुसरी गोष्ट कडाक्याच्या थंडीतली. 2005 पासून तिथे बसवले जाणारे नवे बॉयलर वाफेचं पाणी एका बारीक प्लॅस्टिक नळीतून बाहेर सोडतात. ती नळी भिंतीबाहेर गोठली, की बॉयलर बंद पडतो, तोही नेमका सर्वांत थंड सकाळी. नळी हाताच्या उंचीवर असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओतावं. उकळतं नको, प्लॅस्टिक तडकतं. गॅसच्या यंत्राला मात्र हात लावायचा नाही. त्यासाठी 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस हवा, आणि त्याच्याकडून दरवर्षी तपासणी करून घेणं मालकाला सक्तीचं आहे.

आपल्याकडे काय?

निफाडचा पारा हिवाळ्यात पाच-सहा अंशांवर येतो, पण महाराष्ट्रात घरात किती ऊब हवी असा कायदा नाही. जो आहे तो 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याच्या कलम 29 नुसार पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत. तोडल्या तर भाडेकरू न्यायालयातून त्या परत सुरू करून घेऊ शकतो. कलम 14 त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. दुरुस्तीची नोटीस देऊन 15 दिवसांत मालकाने काही केलं नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. न्यू जर्सीच्या त्या बाईंचा हक्क आपल्या कायद्यातही आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

गिझर आणि गरम पाणी यांचा मात्र या कायद्यात नावाने उल्लेख नाही. शिवाय आज बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर जातात आणि तिथे जुन्या भाडेकरूसारखं संरक्षण मिळत नाही. तिथे करारनामा हेच हत्यार. तो लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी कलम 55 ने घरमालकावर टाकली आहे, आणि तो नसेल तर उलटं सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात.

गॅस गिझरबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बंद बाथरूममध्ये तो जळू लागला, की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या शहरांत दर थंडीत यामुळे तरुण माणसं जातात, आणि त्यात भाड्याच्या घरात राहणारेही असतात. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल आणि हवा खेळायला जागा नसेल, तर तो बाहेर बसवून द्या, असं मालकाला स्पष्ट सांगा. तो नाही म्हणाला तर घर बदला.

घर पक्कं करायला जाल तेव्हा नळ सोडून बघा, गिझर पाणी तापेपर्यंत चालू ठेवा, सोलरचं पाणी किती वाजेपर्यंत येतं ते शेजाऱ्यांना विचारा. करारनाम्याच्या यादीत पंखे आणि ट्यूबलाइटच्या जोडीला गिझरही लिहून घ्या आणि बिघडला तर कुणी, किती दिवसांत दुरुस्त करायचा, ते वाक्य त्याखाली घाला. सही त्यानंतर करा.